दोन दारांच्या मधे दोन मिनिटं का थांबवतो

"काऊन थांबवता भाऊ, पिक्चर सुरू झाला ना!" नागपुरातल्या आमच्या थिएटरचा डोअरकीपर हे दर शनिवार-रविवारी ऐकतो. राक्षस, जादूगार, उडते घोडे असलेला थ्रीडी चित्रपट लागला की जरा जास्तच, कारण असा चित्रपट पाहायला एकटं कोणी येत नाही. आठ-दहा जणांचा ग्रुप येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. मग दोन दारांच्या मधल्या काळोख्या जागेत उभं राहावं लागलं की राग येतो. तो राग आम्हाला समजतो, म्हणून एकदा नीट सांगतो.

मे महिन्यातला तीनचा शो घ्या. बाहेर ४५ अंशांचं ऊन. गाडी लावून, तोंडाचा दुपट्टा सोडत तुम्ही थेट अंधारात शिरता. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळ्याच्या आतल्या पडद्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. दोन मिनिटांत सगळं दिसत नाही, पायरीची कड मात्र दिसायला लागते. आम्हाला तेवढंच हवं असतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एक मुलगा पॉपकॉर्नचा डबा आणि दोन कोल्ड्रिंक हातात घेऊन घाईत आत शिरला. तिसऱ्या पायरीवर पाय मुरगळला. त्याचे चार मित्र उरलेला सगळा वेळ लॉबीत त्याच्या घोट्याला बर्फ लावत बसले, पाचांपैकी कोणीच चित्रपट पाहिला नाही. त्यानंतर आम्ही बाहेरच्या आणि आतल्या दाराच्या मधे जाड पडदा टांगला आणि दोन मिनिटांचा नियम केला. त्या पडद्याचा दुसराही उपयोग आहे. थ्रीडीमध्ये चष्म्यातून डोळ्यापर्यंत येणारा उजेड साध्या चित्रपटाच्या निम्म्याहून कमी असतो, आणि या चित्रपटांत गुहा, रात्र, जंगल भरपूर. दार सताड उघडलं की लॉबीतला उजेड चित्रपटाच्या पडद्यावर पडतो आणि वेळेवर आलेल्या तीनशे माणसांचा तो प्रसंग पुसला जातो.

आता खरी अडचण. उशीर ट्रॅफिकमुळे होतो असं सगळे म्हणतात. रोज दारात उभं राहून आम्ही पाहतो ते वेगळं आहे. आठांपैकी सहा जण वेळेवर आलेले असतात. ते बाहेर उन्हात उभे असतात, कारण आठही तिकिटं एकाच्या फोनमध्ये आहेत आणि तो अजून वर्धा रोडवर आहे. त्या एकासाठी सहा जणांचा सुरुवातीचा भाग जातो. कल्पनेतल्या जगाचा चित्रपट पहिल्या दहा मिनिटांतच त्या जगाचे नियम सांगतो: तलवार कोणाची, शाप कोणी दिला, दार कशाने उघडतं. ते चुकलं की इंटरव्हलपर्यंत "हा कोण रे?" चालतं आणि पुढची-मागची रांगही वैतागते.

तसं थांबायची गरजच नाही. ऑनलाइन तिकिटावरचा कोड ज्याने बुकिंग केलं त्याने आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकावा. आमच्याकडे एका कोडवर जेवढे आले तेवढे आत सोडतो. मशीनवर आठपैकी सहा आत अशी नोंद राहते, मागून येणारे दोघे त्याच कोडवर येतात. आकडा भरला की कोड बंद, त्यामुळे तुमच्या तिकिटावर परका शिरण्याची भीती नाही. कोड नको असेल तर काउंटरवर बुकिंगचा मोबाइल नंबर सांगा, प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी काढून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

ग्रुप चारही दिशांनी येणार असेल तर गाड्या घरी ठेवा. हिंगणा रोडकडचा, खापरीकडचा, प्रजापती नगरचा, ऑटोमोटिव्ह चौकाकडचा, सगळ्यांच्या मेट्रो सीताबर्डीलाच भेटतात आणि तिथून आम्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहोत. रात्रीच्या शेवटच्या शोला मात्र हे जमत नाही, तो सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते.

सीटबद्दल एक आग्रह. "आम्हाला बाराही जण एका ओळीत पाहिजे" असं सांगून मंडळी पूर्ण रांग घेतात. थ्रीडीसाठी आमचा पडदा चंदेरी लेपाचा आहे, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं एकमेकांत मिसळतात. या लेपाचा तोटा असा की मधून चित्र झगझगीत दिसतं आणि टोकाच्या खुर्च्यांवरून फिकं. बारा जणांनी सहा-सहा करून दोन रांगांतल्या मधल्या सीट घ्याव्यात. सगळ्यांना सारखं दिसतं आणि इंटरव्हलमध्ये मागे वळलं की गप्पाही होतात. काउंटरवरचा मुलगा हे सुचवतो तेव्हा तो उरलेल्या सीट खपवत नसतो. उलट त्या मधल्याच सीट आधी विकल्या जातात.

चष्मा शर्टाच्या टोकाने पुसू नका, चरे पडतात आणि मग पुढच्या माणसाला त्रास होतो. बोटाचं तेल लागलं असेल तर दारात सांगा, बदलून देतो. चष्म्याचं वेगळं भाडं नाही. थंड पिण्याचं पाणीही लॉबीत फुकट आहे, बाटली विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही.

तिकिटावरची वेळ जाहिरातींची असते असं धरून पंधरा मिनिटं उशिरा येऊ नका. आमच्याकडे जाहिराती थोड्या, मग राष्ट्रगीत, आणि लगेच चित्रपट.

दहा किंवा जास्त जण असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी सातपर्यंत काउंटरवर सांगून ठेवा. मधल्या दोन रांगा दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवतो. सांगताना ग्रुपमध्ये नंबरचा चष्मा किती जणांना आहे तेही सांगा, त्यांच्यासाठी मोठ्या फ्रेमचे थ्रीडी चष्मे वेगळे काढून ठेवतो, नाकावर दोन चष्मे टोचत नाहीत.