आचके म्हणजे श्वास नव्हे

हृदय अचानक बंद पडलं की रक्त जिथल्या तिथे थांबतं. पण थांबलेल्या त्या रक्तात प्राणवायू अजून असतो, फुप्फुसांत भरलेल्या हवेतही असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी घेता घेता कोणी कोसळलं, तर पहिली काही मिनिटं त्याच्या शरीरात प्राणवायूचा तुटवडा नसतो. तो मेंदूपर्यंत पोचत नाही, एवढंच. मेंदूकडे मात्र स्वतःचा साठा जवळजवळ नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते आणि साधारण चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशींचं कायमचं नुकसान सुरू होतं.

या हिशेबात रुग्णवाहिका बसवून पाहा. कोणीतरी १०८ला फोन लावतो, जागा सांगतो, गाडी निघते, बाजाराची गर्दी लागते. गोव्यात ही सेवा २००८पासून आहे, अरुंद रस्त्यांतून वाट काढणाऱ्या मोटारसायकल रुग्णवाहिकाही आहेत. चालक आणि तंत्रज्ञ जिवाची बाजी लावून धावतात. तरी चार मिनिटांत प्रत्येक ठिकाणी पोचणं कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. पहिली मिनिटं शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्याच हातात असतात. छातीवर हातांनी दाब दिला की थांबलेलं ते रक्त मेंदूकडे फिरू लागतं. असा दाब दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. दाब सुरू असेल, तर हीच घट तीन-चार टक्क्यांवर येते. गाडी त्याच वेळेला आली, तरी ती कोणत्या अवस्थेतल्या माणसापाशी पोचते, हे त्या दाबावर ठरतं.

मग लोक दाब का देत नाहीत? पहिलं कारण म्हणजे आचके. हृदय थांबल्यावरही मेंदूच्या तळाचा भाग थोडा वेळ जिवंत असतो आणि तोंड उघडून घरघर करत, थांबून थांबून हवा ओढायला लावतो. बघणाऱ्याला वाटतं, श्वास चालू आहे. कोणी चप्पल हुंगायला देतो, कोणी कांदा फोडतो, कोणी तोंडात पाणी घालतो. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही, ते पाणी श्वासनलिकेत जातं. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा सलग चालत नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नका. घाईत ती शिकलेल्यांनाही चटकन सापडत नाही.

दुसरं कारण गर्दीचं. १९६८मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. इंटरकॉमवर बोलता बोलता एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. ती माणसं निर्दय नव्हती, उलट अस्वस्थ होती. फक्त जबाबदारी वाटली गेली होती. म्हणून ‘कोणीतरी फोन करा’ असं ओरडून उपयोग नाही. एकाकडे बोट दाखवायचं: ‘अहो, निळा शर्टवाले, तुम्ही १०८ लावा आणि स्पीकरवर ठेवा.’

आता हात. छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, खालच्या अर्ध्या भागावर, मनगटाजवळचा तळहात टेकायचा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर आली पाहिजे. वर येतानाच हृदयात रक्त परत भरतं. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदकाट्याच्या जवळजवळ दुप्पट. फोंड्याला एका शाळेच्या सभागृहात मी असा वर्ग पाहिला. दाब पुरेसा खोल गेला की सरावाच्या पुतळ्यातून ‘टक्’ असा आवाज येई. सुरुवातीला जवळजवळ कोणाच्याच हाताखाली तो वाजेना; आपण कोणाला तरी दुखवतोय, या भीतीने सगळे हळू दाबत होते. एक काकू बांगड्या मागे सारून, गुडघ्यांवर नीट बसून, कंबरेतून वजन टाकू लागल्या आणि पुतळा टकटक बोलायला लागला. दोन मिनिटांत त्यांचा पदर घामाने भिजला. शिकवणारे नेमक्या त्याच वेळी माणूस बदलायला सांगतात, कारण थकलेला हात नकळत उथळ पडतो.

मध्ये का थांबायचं नाही, हे बोअरवेलचा हातपंप चालवलेल्याला लगेच कळेल. दांड्याचे पहिले काही हिसके कोरडेच जातात, मग पाणी वर चढतं; हात काढला की ते खाली उतरतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतला दाबही असाच, सलग दाबत राहिल्यावर हळूहळू चढतो आणि थांबताच कोसळतो. उत्तम दाब देऊनही नेहमीच्या फार तर पाव ते तिसरा हिस्सा रक्त फिरतं, पण मेंदूला तग धरायला तेवढंही मोलाचं असतं. बरगडी मोडू शकते. मोडू द्या, ती जुळते.

ही युक्ती सापडली एका विद्युत अभियंत्यामुळे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन विजेच्या झटक्याने हृदयाची लय सुधारण्यावर काम करत होते. झटका देणारी जड उपकरणं कुत्र्याच्या छातीवर दाबली की झटक्याआधीच रक्तदाब थोडा वाढतो, हे त्यांचे तरुण सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आलं. १९६०मध्ये त्या दोघांनी आणि शल्यविशारद जेम्स ज्यूड यांनी २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतले १४ वाचले होते. यासाठी फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. मला ही ओळ वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत उदार वाक्यांपैकी एक वाटते.

एईडी नावाचं स्वयंचलित यंत्र जवळ असेल, तर ताबडतोब लावा. ते हृदयाची लय स्वतः तपासतं आणि गरज असेल तरच झटका देतं.

पण म्हापशाच्या बाजारातून कळंगुटच्या किनाऱ्यावर आलं की हिशेब बदलतो. बुडणाऱ्याचं हृदय आधी बंद पडत नाही. आधी श्वास अडतो, मग काही मिनिटं हृदय आहे तो प्राणवायू वापरत धडधडत राहतं आणि रक्त पार रितं झाल्यावर थांबतं. अशा माणसाच्या छातीवर नुसता दाब देणं म्हणजे प्राणवायू नसलेलं रक्त फिरवणं. म्हणून पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल, तर आधी तोंडाने श्वास द्यायचे: डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत. कुठे दोन शिकवतात, कुठे पाच. त्यानंतर ३० दाब आणि दोन श्वास, हे चक्र. आपण बाहेर सोडलेल्या हवेतही १६-१७ टक्के प्राणवायू उरलेला असतो. हृदय अजून थांबलेलं नसेल, तर कधी कधी तेवढ्या श्वासांनीच माणूस परततो.

किनाऱ्यावर अजूनही दिसणारी एक सवय मनापासून खटकते: पोट दाबून किंवा उलटं धरून ‘पाणी काढणं’. फुप्फुसांत शिरलेलं पाणी बहुधा थोडंच असतं, आणि ते असं निघत नाही. निघतं ते पोटातलं अन्न, तेच श्वासनलिकेत जातं, आणि हातची मिनिटं वाया जातात. खरं नुकसान वेगळंच असतं. फुप्फुसातले वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून एक पातळ, निसरडा थर असतो. थोडंसं पाणीही तो बिघडवतं. तोंडाला फेस येतो तो यामुळेच. फेस पुसत बसू नका, श्वास देत राहा. माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी त्याला इस्पितळात न्यायलाच हवं, कारण फुप्फुसांची सूज पुढच्या काही तासांतही वाढू शकते.

बुडणारा हात हलवून ओरडतो, ही समजूतही काढून टाकायला हवी. तोंड पाण्याच्या पातळीला असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कशाने? हात बाजूला पसरून पाणी दाबत असतात, शरीर उभं असतं, आणि हे जेमतेम २० ते ६० सेकंद चालतं. २००८पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर असलेल्या ‘दृष्टी’च्या लाल-पिवळ्या गणवेशातल्या जीवरक्षकांची नजर गलक्याइतकीच या शांततेलाही हेरते. ते पाण्यात जातात ते तरंगणारं साधन घेऊन. आपण भावनेच्या भरात रिकाम्या हाताने उडी टाकतो, आणि एकाच्या जागी दोघे जातात. दोरी, रिकामा प्लॅस्टिकचा कॅन, जे तरंगेल ते फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. दोन लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा त्यांच्या नजरेखालची असते. लाल बावटा असेल, तर पाण्यात पाऊल नको.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची धास्ती अजून आहे. रस्ता अपघातांपुरतं तरी ते भय कायद्याने दूर केलं आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ आणि त्याखालच्या नियमांनुसार, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. अपघातात वाहतं रक्त दिसलं, तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा. दर मिनिटाला उचलून बघू नका.

अडचण एकच, की हे शिकलेले हात तीन ते सहा महिन्यांत विसरू लागतात. एकदा प्रमाणपत्र घेऊन भागत नाही, थोडा थोडा सराव पुन्हा पुन्हा लागतो. गोव्यात त्याला जागा भरपूर आहेत. पावसाळा ओसरला की शॅक उभारायला माणसं किनाऱ्यावर येतात, मोटारसायकलचे पायलट नाक्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेले असतात, जत्रेआधी देवस्थानच्या समितीच्या बैठका होतात. मंडप, वीज आणि पार्किंगच्या यादीत एक पुतळा आणि अर्धा तास एवढी भर घालावी, आणि त्या दिवशी प्रत्येक स्वयंसेवकाच्या हाताखाली तो ‘टक्’ वाजेपर्यंत बैठक उठू नये.