‘डिव्हाइन नाइन’साठी अर्ज करताय? आधी ‘फायनान्शियल’ म्हणजे काय ते समजून घ्या

सप्टेंबर उजाडला की माझ्या टेबलासमोर तेच प्रश्न येऊन उभे राहतात. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात काम करते. चॅप्टरकडून, म्हणजे ‘डिव्हाइन नाइन’ संस्थांच्या विद्यापीठातल्या शाखांकडून, आलेल्या नावांचे गुण आणि शिस्तभंगाच्या नोंदी तपासणं माझ्याकडे असतं, त्यामुळे अर्ज नेमका कुठे फुटतो ते रोज दिसतं. हल्ली या यादीत अधूनमधून आपल्याकडची आडनावंही असतात, म्हणून हे मराठीत लिहून ठेवते.

‘डिव्हाइन नाइन’ म्हणजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या नऊ फ्रॅटर्निटी आणि सोरोरिटी, म्हणजे मुलांच्या आणि मुलींच्या विद्यार्थी संघटना. पहिली अल्फा फाय अल्फा, १९०६ साली कॉर्नेलमध्ये. शेवटची आयोटा फाय थीटा, १९६३ साली बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेटमध्ये. नऊपैकी पाच एकट्या वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात जन्मल्या, आणि या संस्थांची सामाईक परिषदही १९३० साली तिथेच स्थापन झाली. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या संस्था आत घेत नव्हत्या, तेव्हा ही मंडळी एकमेकांच्या आधाराने शिकली.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘आम्ही भारतीय, आम्हाला घेतात का?’ वंशावरून कुणाला नाकारता येत नाही. नऊपैकी एक, कप्पा अल्फा साय, तर १९११ पासून सांगत आली आहे की त्यांच्या घटनेत रंगावरून वगळणारं कलम कधीच नव्हतं. पण नियमात बसणं वेगळं आणि चॅप्टरने स्वीकारणं वेगळं. मुलाखतीत ‘हीच संस्था का?’ असं विचारतात, तेव्हा ‘तुमचा स्टेप शो (पाय आपटत, टाळ्यांच्या तालावर केलेला समूहनाच) फार आवडतो’ हे उत्तर पुरत नाही. डेल्टा सिग्मा थीटाच्या बावीस मुलींनी जानेवारी १९१३ मध्ये संस्था काढली आणि मार्चमध्ये वॉशिंग्टनला स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. संस्थेची सुरुवातच अशी असेल, तर समोरच्या बायका तुमच्या समाजकार्याच्या तासांकडे बारकाईने बघणारच.

पात्रता थोडक्यात: पूर्णवेळ पदवी विद्यार्थी, ठरावीक क्रेडिट पूर्ण, आणि बहुतेक ठिकाणी किमान २.५ जीपीए (चारपैकी गुणांची सरासरी). काहींची अट याहून कडक असते. नेमका आकडा त्या-त्या संस्थेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर बघा. मैत्रिणीच्या ताईने सांगितलेला आकडा चार वर्षांपूर्वीचा असतो. आणि २.४८ म्हणजे २.५ नव्हे. दर वर्षी कुणीतरी ‘राउंड करून घ्या ना’ म्हणतं. मला तो अधिकार नाही आणि चॅप्टरलाही नाही. क्रेडिटचं गणितही असंच चुकतं. चालू सत्राचे विषय पूर्ण झालेले धरले जात नाहीत. दुसऱ्या कॉलेजातून आणलेले क्रेडिट इथल्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, चढले नसतील, तर तेही नसल्यात जमा.

आता वेळ. बाकीच्या फ्रॅटर्निटींसारखी दर वर्षी ठरलेल्या आठवड्यात इथे भरती होत नाही. चॅप्टरला वरून परवानगी मिळाली, पुरेसे सदस्य असले, तरच ‘इंटेक’, म्हणजे नव्या सदस्यांची भरती, होतो. काही चॅप्टर एक-दोन वर्षं इंटेक घेतच नाहीत. मग एक दिवस सूचना लागते, माहितीसभा आठवड्याभरात असते, आणि अर्ज त्यानंतर काही दिवसांत द्यायचा असतो. म्हणजे सूचना लागल्यावर कागद जमवायला घेतले की उशीर झालाच म्हणायचं. सभा सात वाजता म्हणजे सातला दार बंद. आपल्याकडची सातची सभा साडेसातला सुरू होते, ती सवय घरी ठेवून या. दोन मिनिटं उशिरा आलेल्या मुली बाहेर रडताना मी पाहिल्यात. मला वाईट वाटतं, पण दार उघडत नाही. शेवटच्या तारखेतही खोच असते: त्या तारखेला पाकीट टपालात टाकायचं की त्या तारखेपर्यंत हातात पडायला हवं, हे शब्दशः वाचा.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते शिफारसपत्रावर. अर्जावर लिहिलेलं असतं की पत्र ‘फायनान्शियल मेंबर’चं हवं. एका मुलाने, बिचाऱ्याने, बँकेत नोकरी करणाऱ्या काकांचं पत्र जोडलं होतं! फायनान्शियल म्हणजे ज्याने संस्थेची चालू वर्षाची वर्गणी भरली आहे असा सदस्य. तुमचे लाडके प्राध्यापक पंचवीस वर्षांपूर्वी सदस्य झाले असतील, घरी संस्थेचा चषकही असेल, पण यंदाची वर्गणी थकली असेल तर त्यांचं पत्र कामाचं नाही. हे विचारायला संकोच वाटतो, मान्य. तरी विचारा: ‘सर, या वर्षी तुम्ही फायनान्शियल आहात का?’ या मंडळींत हा प्रश्न उद्धटपणाचा मानत नाहीत. ओळखीचं कुणीच नसेल, तर त्या संस्थेच्या पदवीधर चॅप्टरच्या जाहीर कार्यक्रमांना, रक्तदान, मतदार नोंदणी असल्या कामांना आधीपासून जात राहा. ओळख तिथेच होते आणि तासही जमतात.

त्या तासांचा पुरावा ही दुसरी डोकेदुखी. ‘गणेशोत्सवात स्वयंसेवक होते’ हे सांगून भागत नाही. मंडळाच्या लेटरहेडवर तारखा, तास, कामाचं स्वरूप आणि जबाबदार माणसाची सही हवी. आपल्या मंडळांकडे लेटरहेड असतंच. अध्यक्षांना काम झालं त्याच आठवड्यात गाठा, वर्षभराने त्यांनाही आठवत नाही. सही घरच्या माणसाची नको.

नावाचं लफडं खास आपलं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, विद्यापीठाच्या नोंदीत ते पहिल्या नावाला चिकटलेलं, आणि अर्जावर फक्त नाव-आडनाव. अशी तीन कागदांवर तीन माणसं दिसली की माझ्यासारखीला फाइल बाजूला ठेवावी लागते. रजिस्ट्रारकडून आधी दुरुस्त करून घ्या. ट्रान्सक्रिप्ट अधिकृत मागितली असेल तर बंद पाकिटातली हवी. उत्सुकतेने पाकीट फोडलं की ती रद्द.

पैसे: रक्कम संस्थेगणिक बदलते, पण शेकड्यांत धरून चाला, काही ठिकाणी हजार डॉलरच्या पुढे जाते. बऱ्याचदा मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेकच (बँकेने स्वतः काढलेला चेक) चालतो. कुणी वैयक्तिक खात्यावर पाठव म्हणालं तर पाठवू नका.

अर्ज करणार असल्याचा गाजावाजा करू नका. इन्स्टाग्रामवर संस्थेचे रंग, अक्षरं, हाताच्या खुणा मिरवणं सदस्य नसलेल्याने केलं, तर तो अपमान मानतात. चांगले गुण असलेले अर्ज यावरून मागे पडल्याचं ऐकून आहे.

आणि एक गोष्ट जरा रागानेच लिहिते. १९९० साली या संस्थांनी जुनी ‘प्लेजिंग’ची, म्हणजे नव्यांना सदस्य होण्याआधी कसोटीला लावण्याची, पद्धत अधिकृतपणे बंद केली आणि त्या जागी इंटेक आणला. तरी कुणीतरी कानाशी येऊन सांगतं, की फक्त कागदावर आत आलास तर तू नुसता ‘पेपर’, खरा व्हायचं तर रात्री अमुक घरी ये. जाऊ नका. हे आपलं रॅगिंगच, ज्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. इथेही बहुतेक राज्यांत तो गुन्हा आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. अनेक राज्यांत ‘मी स्वतःहून गेलो’ हा बचाव ठरत नाही. प्रकरण उघडकीस आलं की चॅप्टर निलंबित होतो आणि तुमचा रीतसर अर्जही त्यात बुडतो. विद्यार्थी व्हिसावर असाल तर विद्यापीठातून काढलं जाणं कुठपर्यंत जातं, ते वेगळं सांगायला नको.

आधीच एखाद्या दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत असाल, तर दुसरं सदस्यत्व चालतं का हे राष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा, चॅप्टरमधल्या मित्राला नको.

नकार आला तर कारण कळवलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मतदान गुप्त असतं आणि मला विचारून उपयोग नाही, मलाही सांगत नाहीत. पुढच्या इंटेकला पुन्हा अर्ज करता येतो. पदवी झाली असेल तर पदवीधर चॅप्टरचा रस्ता आहे, मात्र काही संस्थांत तिथे आमंत्रणाशिवाय अर्जच मिळत नाही. पुण्या-मुंबईची पदवी घेऊन एम.एस.ला आलेल्यांनी पदवीच्या मूल्यांकनाचा अहवाल लागेल का, हे आधी विचारून घ्यावं. तिकडच्या विद्यापीठातून सीलबंद गुणपत्रक यायला किती आठवडे जातात, ते ज्याने एकदा मागवलंय त्याला ठाऊक आहे. दोन प्रती मागवा.