चिऊच्या दाराला खिडकी

‘पाऊस आला आणि काऊचं घर वाहून गेलं’ हे वाक्य सांगलीत जरा जपूनच सांगावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडं होती. ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

माझी भाची पुरानंतरची. चार वर्षांची. परवा गोष्ट ऐन रंगात असताना म्हणाली, “आत्या, काऊ भिजलाय हे चिऊला कुठं दिसतंय? दार तर बंदाय.”

मी गप्पच झाले. आपल्याला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसेल, हे कळायला बुद्धीची मोठी उडी लागते. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये ती एका गोष्टीनंच मोजली. मॅक्सी निळ्या कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो, मागं आई ते हिरव्या कपाटात ठेवते. परतल्यावर तो कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा हिरवं कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तर बदलू लागतं. वाटून घेण्याची, रुसवा काढण्याची सुरुवात इथूनच होते, असं मला वाटतं; समोरच्याला काय हवंय हे ओळखल्याशिवाय त्याला देणार तरी काय?

पण गोष्ट ऐकली की मूल लगेच उदार होतं का? टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांना दहा-दहा स्टिकर दिले. ज्याला मिळणार नाहीत अशा मुलासाठी हवे तेवढे पाकिटात टाका, म्हणाले. वाटून घेण्याची गोष्ट ऐकवून पुन्हा तेच करायला सांगितलं. गोष्टीत माणसं होती तेव्हा पाकिटं जड झाली. तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची केली, तर झाली नाहीत. (दहा स्टिकरांवरून कुणाचा स्वभाव ठरत नाही, हे आहेच.)

मग चिऊकाऊ मोडीत काढायचे? मला नाही वाटत. त्याच प्रयोगात ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटले, त्यांनी जास्त स्टिकर दिले. आणि आमची चिऊ तर अंघोळ, काजळ, तीट सगळं करणारी, चोच असलेली शेजारीणच.

भाचीनं शेवटी स्वतःच चिऊच्या दाराला खिडकी बसवली. चिऊनं बाहेर पाहिलं, काऊ कुडकुडताना दिसला.

“मग उघडलं दार?”

“थांब की. बाळाला पावडर लावायची राहिलीय.”