७३ लाख पेट्या आणि धक्क्याची लांबी

मार्च २०२५ला संपलेल्या आर्थिक वर्षात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून ७३ लाख टीईयू कंटेनरांची ये-जा झाली. आदल्या वर्षी हा आकडा ६४ लाख ३० हजार होता. म्हणजे वाढ साडेतेरा टक्क्यांची, तीही पस्तिशी गाठलेल्या बंदरात. टनांत मोजायचं तर ९ कोटी २१ लाख टन. टीईयू म्हणजे वीस फुटी पेटी. चाळीस फुटी आली की ती दोन धरायची. केंद्राच्या अखत्यारीतली मोठी बंदरं जेवढे कंटेनर हाताळतात, त्यांतले निम्म्याहून जास्त या एका ठिकाणाहून जातात.

बातम्यांनी ही सगळी वाढ त्या एका वर्षाच्या खात्यावर जमा केली. बंदराचा हिशेब असा मांडता येत नाही. दुकानात गिऱ्हाईक वाढलं की गल्ला त्याच संध्याकाळी वाढतो. बंदरात आज किती पेट्या उतरणार हे दहा वर्षांपूर्वी धक्का किती मीटर बांधला, किंवा बांधायचा राहिला, यावर ठरतं. म्हणून या बंदराचा इतिहास मीटरमध्ये वाचलेला बरा.

आधी नावाचं. सरकारी कागदावर जेएनपीटी (जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट), २०२१च्या नव्या बंदर कायद्यानंतर जेएनपीए, म्हणजे ट्रस्टच्या जागी अथॉरिटी. पण जगभरातल्या जहाज कंपन्यांच्या वेळापत्रकांत, बिलांवर आणि क्लिअरिंग एजंटांच्या तोंडी आजही ‘न्हावा शेवा’च. न्हावा आणि शेवा ही उरण तालुक्यातली दोन गावं. रॉटरडॅमच्या कचेरीत बसलेल्या माणसाला रायगड जिल्हा ठाऊक नसेल, पण शेवा हे नाव तो रोज टाइप करतो. खुद्द शेव्याच्या कोळीवाड्याचं काय झालं ते पुढे येईल.

हे बंदर मुंबई बंदराच्या गर्दीतून जन्मलं. मुंबईत प्रिन्सेस डॉक १८८०चा आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४चा. हे सगळं पोत्यांच्या, गाठींच्या आणि पाठीवरून वाहायच्या मालाच्या जमान्यात बांधलेलं. १९५६ साली अमेरिकेत पहिल्यांदा लोखंडी पेट्या जहाजावर चढल्या आणि बंदराचं गणितच बदललं. गोदामापेक्षा मोकळं मैदान महत्त्वाचं झालं, हमालांच्या टोळीपेक्षा क्रेन महत्त्वाची झाली. भारतात १९७३मध्ये कोचीनला पहिलं कंटेनर जहाज लागलं. मुंबईच्या गोदीमागे मैदान म्हणून उरलेलं काही नव्हतंच. मागे रेल्वे, तिच्यामागे चाळी. ट्रक भरून निघाला तरी शहर ओलांडून बाहेर पडायलाच दिवस जायचा.

त्याआधी, १९६५च्या सुमाराला, शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवायची कल्पना मांडली होती. १९७०मध्ये ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. नवी मुंबईच्या आराखड्यात न्हावा-शेव्याचं बंदर हा रोजगाराचा एक खांब धरलेला होता. कागदावर ते चोख दिसत होतं: घारापुरीच्या आडोशाला शांत पाणी, मागे सपाट जमीन. ती सपाट जमीन म्हणजे आगरी-कोळ्यांची भातखाचरं, मिठागरं आणि कांदळवनं, हे नकाशावर लिहिलेलं नव्हतं.

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन संपादनात गेली. मोबदल्याचा वाद वर्षानुवर्षं धुमसत राहिला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ला जासई आणि नवघर इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. आंदोलनाचे नेते होते शेकापचे दि. बा. पाटील, स्वतः जासईचे. या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व सरकारने मान्य केलं. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दप्रयोग आज नवी मुंबईच्या इमारत बाजारात इतका रुळलाय की त्यामागे गोळीबार आहे हे फ्लॅट घेणाऱ्यांना सांगावं लागतं. गंमत म्हणावी की काय, बंदरासाठी जमीन दिलेल्यांना या भूखंडांची इरादापत्रं मिळाली ती ऑगस्ट २०१४मध्ये. तीस वर्षांनी, आणि तीही इरादापत्रंच.

बंदर बांधलं गेलं जागतिक बँकेच्या कर्जाची मदत घेऊन, आणि २६ मे १९८९ला सुरू झालं. कंटेनरसाठी धक्का होता ६८० मीटरचा. शेजारी खतासारखा सुटा माल उतरवायची सोय. पहिली काही वर्षं यथातथाच गेली. नवी यंत्रं, नवा धक्का, पण जहाज कंपन्या मुंबईची गोदी सोडायला तयार नव्हत्या. १९९१नंतर आयात-निर्यात मोकळी झाली, पेट्यांचा ओघ वाढला आणि ६८० मीटर बघता बघता अपुरे पडले.

मग आला १९९७चा करार. केंद्राच्या बंदरात खासगी कंपनीने स्वतःच्या पैशाने टर्मिनल बांधायचं, तीस वर्षं चालवायचं आणि परत करायचं, असं देशात पहिल्यांदाच इथे ठरलं. पी अँड ओ या कंपनीने ६०० मीटरचा धक्का बांधला, १९९९मध्ये तो सुरू झाला. (कंपनी पुढे दुबईच्या डीपी वर्ल्डकडे गेली.) बाजूलाच सरकारी आणि खासगी टर्मिनल चालू असल्यामुळे तुलना टाळता येईना, जहाज किती तासांत मोकळं होतं, क्रेन तासाला किती पेट्या उचलते, हे रोजच दिसत होतं. २००६मध्ये सुट्या मालाच्या धक्क्याची जागा घेऊन तिसरं, ७१२ मीटरचं टर्मिनल उभं राहिलं. त्यात डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज समूहाच्या कंपनीचे ७४ टक्के आणि कॉन्कॉर या रेल्वेच्या कंटेनर कंपनीचे २६ टक्के. २००७-०८मध्ये बंदराने ४० लाख टीईयूचा टप्पा ओलांडला. यशकथा इथपर्यंत सरळ आहे.

यापुढचा भाग वर्धापनदिनाच्या पुस्तिकांमध्ये चटकन उरकतात. माझ्या मते २०२४-२५च्या आकड्याची खरी पार्श्वभूमी तोच आहे.

२००७-०८मध्ये साधारण ४० लाख ६० हजार. २०१६-१७मध्ये ४५ लाख. नऊ वर्षांत वाढ अकरा टक्क्यांच्या आसपास. २०२४-२५ने एका वर्षात जेवढी टक्केवारी जोडली, तेवढी त्या नऊ वर्षांत मिळूनही जुळली नव्हती. २००८ची जागतिक मंदी होतीच, पण सगळं तिच्या माथी मारता येणार नाही, कारण त्याच काळात गुजरातचं मुंद्रा बंदर झपाट्याने वाढत होतं. न्हावा शेव्याला माल कमी पडत नव्हता, जहाज लावायला जागा कमी पडत होती.

चौथ्या टर्मिनलची गरज सगळ्यांना कळत होती. २०११मध्ये सिंगापूरची बंदर कंपनी पीएसए आणि भारतातली एबीजी यांच्या जोडीने निविदा जिंकली. महसुलातला ५० टक्क्यांहून थोडा जास्त वाटा बंदराला द्यायची त्यांची तयारी होती. पण करारावर सह्या होईनात. मुद्रांक शुल्क कोणत्या हिशेबाने भरायचं यावर घोडं अडलं आणि २०१२मध्ये सगळं रद्द झालं. पुन्हा निविदा, पुन्हा पीएसए, या वेळी एकटीच, आणि बंदराचा वाटा ३५.७९ टक्के. २०१४मध्ये करार झाला. स्टँपपेपरपायी वर्षं गेली ती गेलीच, वर वाट्यातले पंधराएक टक्केही गेले. प्रशासकीय विलंबाची किंमत इतक्या उघड आकड्यांत दिसणं आपल्याकडे दुर्मीळ.

त्याच काळात आणखी दोन गोष्टींनी बंदराची नाजूक बाजू उघडी पाडली. ७ ऑगस्ट २०१०ला जेएनपीटीतून बाहेर पडणाऱ्या एमएससी चित्रा या जहाजाची आणि मुंबई बंदरात येणाऱ्या खलिजिया-३ची टक्कर झाली. चित्रा कलंडलं, पेट्या समुद्रात तरंगू लागल्या, तेल पसरलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. दोघांना मिळून मुख्य जलमार्ग एकच आहे, हे अनेकांना त्या दिवशी कळलं. दुसरी गोष्ट जून २०१७ची: मर्स्कच्या संगणकांवर जगभर सायबर हल्ला झाला आणि इथलं त्यांचं टर्मिनल बंद पडलं. पेटी यार्डात कुठे ठेवलीय हे संगणक सांगेना, आणि रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा.

मुंद्र्याने २०२०-२१मध्ये कंटेनरांतला पहिला क्रमांक काढून घेतला. त्या करोनाच्या वर्षी न्हावा शेवा ४७ लाखांच्याही खाली होतं.

मग सावरलं कसं? आधी अवघ्या ३३० मीटरचं एक छोटं टर्मिनल जोडलं गेलं. २०१७च्या अखेरीस चौथ्या टर्मिनलचे पहिले १,००० मीटर तयार झाले. फेब्रुवारी २०१८मध्ये त्याचं लोकार्पण झालं. जलमार्ग खोदून खोल केला, आधी चौदा आणि मग पंधरा मीटर डुबीच्या (म्हणजे तेवढा भाग पाण्याखाली असणाऱ्या) जहाजांसाठी. आयात पेटी आधी बाहेरच्या कंटेनर फ्रेट स्टेशनात, म्हणजे पेट्या ठेवून सोडवायच्या आवारात, नेऊन मग मालकाला देण्याऐवजी थेट बंदरातून सोडायची पद्धत वाढवली. त्यात पेटीमागे दिवसही वाचले आणि पैसेही. फ्रेट स्टेशनवाले अर्थातच खूश नव्हते.

२०२२मध्ये बंदराने स्वतःचं मूळ टर्मिनल, तेच १९८९चे ६८० मीटर, जे. एम. बक्षी आणि सीएमए टर्मिनल्स यांच्या कंपनीला तीस वर्षांसाठी दिलं. कामगारांनी आधी मोर्चे काढून विरोध केला होता. या निर्णयानंतर जेएनपीए हे केंद्राच्या मोठ्या बंदरांतलं पहिलं पूर्णपणे ‘जमीनदार’ बंदर झालं: जमीन, जलमार्ग आणि रस्ते त्याचे, पेट्या उचलायचं काम सगळं खासगी. १९९७ला जो प्रयोग होता तो आता नियम झाला.

म्हणजे २०२२-२३चे साडेसाठ लाख, पुढचे ६४ लाख ३० हजार आणि मग ७३ लाख ही चढण उशिरा बांधलेल्या धक्क्याची वसुली आहे. चौथ्या टर्मिनलचे दुसरे १,००० मीटर ४ सप्टेंबर २०२५ला सुरू झाले. भारत आणि सिंगापूर या दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने उद्घाटन केलं. त्या एका टर्मिनलची क्षमता आता ४८ लाख टीईयू, अख्ख्या बंदराची एक कोटीच्या वर. २०१६-१७मध्ये संपूर्ण बंदर हाताळायचं त्याहून जास्त आज एका टर्मिनलला पेलतं.

जमिनीकडची बाजू तेवढ्या वेगाने आलेली नाही. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ला खुला झाला आणि उरणपर्यंत लोकलही त्याच दिवशी पोचली, पण पेटीला खरी गरज असते मालगाडीची. बंदरापासून उत्तर प्रदेशातल्या दादरीपर्यंतच्या दीड हजार किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालमार्गात सगळ्यात जास्त रखडला तो नेमका शेवटचा, वैतरणा ते जेएनपीए टप्पा. त्यामुळे पेट्यांचा मोठा भार उरण-पनवेलच्या रस्त्यांवर. करळ फाट्यावरून दुचाकीने कामाला जाणाऱ्याला ७३ लाख म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

आता शेव्याचा कोळीवाडा. बंदर बांधताना ऐंशीच्या दशकात तो उठवला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून अडीचशेवर कुटुंबांचं पुनर्वसन केलं. दिलेल्या जागेवर वाळवीने घरं पोखरली. ग्रामस्थ दुसऱ्या, नीट जागेसाठी दशकानुदशकं भांडताहेत. अधूनमधून होड्या घेऊन जलमार्ग अडवतात तेव्हा बातमी होते. चौथ्या टर्मिनलच्या भरावाबद्दल मच्छीमार हरित लवादात गेले. फेब्रुवारी २०१५मध्ये पुण्याच्या खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं, त्यातला सर्वांत मोठा वाटा जेएनपीटीचा. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. धक्क्याच्या प्रत्येक मीटरला असं एक कोर्टाचं शेपूट आहे.

आणि हे सगळं पुरेसं नाही, असं बंदराचंच म्हणणं आहे. आजची सर्वांत मोठी कंटेनर जहाजं या खाडीत पूर्ण भाराने येऊ शकत नाहीत. तितकं पाणीच नाही. म्हणून वाढवण. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ, किनाऱ्यापासून आत, जिथे नैसर्गिक खोलीच सुमारे वीस मीटर आहे. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्टला भूमिपूजन, खर्च ७६,२२० कोटी, जेएनपीएचा हिस्सा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. नऊ कंटेनर टर्मिनलं, प्रत्येकी १,००० मीटरची.

वाढवणची कल्पनाही नवी नव्हे. नव्वदच्या दशकात तिथे बंदर बांधायला निघाली होती तीच पी अँड ओ, जिने न्हावा शेव्याला ६०० मीटर बांधले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८मध्ये तो प्रस्ताव नाकारला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३मध्ये जेएनपीएला होकार दिला. मधल्या पंचवीस वर्षांत प्राधिकरणाची माणसं बदलली, बंदराचा आराखडा बदलला, कंपनी बदलली. वाढवणच्या किनाऱ्यावरच्या फलकावरची घोषणा मात्र कायम आहे: ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.’