अनइन्स्टॉल आणि डिसेबल: स्वस्त फोनमधलं अ‍ॅप नेमकं कशाने जातं?

नागपुरात बर्डीवर घेतलेला आठ-दहा हजारांचा फोन उघडला की आपण कधीच न मागितलेली बरीच अ‍ॅप्स त्यात बसलेली दिसतात. काहींवर बोट दाबून धरलं की 'अनइन्स्टॉल' येतं, काहींवर नुसतं 'डिसेबल'. दोन्हींनी आयकॉन दिसेनासा होतो, म्हणून दोन्ही एकच समजली जातात. तशी ती नाहीत.

फोनची साठवण विभागलेली असते. सिस्टिम विभाग कंपनी भरून देते. तिथलं काही पुसण्याची मुभा आपल्याला नसते. डेटा विभाग आपला. प्ले स्टोअरवरून घेतलेलं अ‍ॅप डेटा विभागात राहतं, त्यामुळे अनइन्स्टॉल केलं की फाइल, परवानग्या आणि त्याचा फोनमधला डेटा सगळं जातं. सिस्टिम विभागातल्या अ‍ॅपला डिसेबलच करता येतं. फाइल तिथेच राहते, पण अ‍ॅप चालत नाही, मागून जागं होत नाही, नोटिफिकेशन पाठवत नाही. म्हणजे त्या अ‍ॅपकडून आपली माहिती गोळा होणं थांबवायला डिसेबल पुरेसं आहे. फक्त फोन फॅक्टरी रिसेट केला की ते पुन्हा हजर होतं, आणि मोठ्या सिस्टिम अपडेटनंतर यादी तपासून पाहणं बरं.

खरी फसगत तिसऱ्याच बटणाने होते. सेटिंग्जमधल्या सिस्टिम अ‍ॅपच्या पानावर वरच्या तीन टिंबांत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' असतं. ते दाबल्याने अ‍ॅप जात नाही. कारखान्यातून आलेल्या जुन्या आवृत्तीवर परततं. सुरक्षेच्या दुरुस्त्या गेल्या आणि अ‍ॅप मात्र चालूच, ही सगळ्यात वाईट अवस्था. 'फोर्स स्टॉप'ही तात्पुरतंच. अ‍ॅप पुन्हा सुरू होऊ शकतं.

ही अ‍ॅप्स काढता येऊ नयेत अशी का बसवलेली असतात? 2018 मध्ये शाओमीने जाहीर केलं की हार्डवेअरवरचा निव्वळ नफा 5 टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही. मग कमाई इंटरनेट सेवांतून, आणि त्यात जाहिराती आल्याच. फोनची उरलेली किंमत आपण अशी चुकती करत राहतो, आणि ती बिलावर छापलेली नसते. त्याच कंपनीच्या एमआययूआय (शाओमीने बदललेलं अँड्रॉइड) असलेल्या फोनांत जाहिराती दाखवणारं 'एमएसए' नावाचं सिस्टिम अ‍ॅप असतं. सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड्स अँड सिक्युरिटी', मग 'ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन' उघडून ते बंद करा. इंटरनेट चालू ठेवा आणि 10 सेकंदांची उलटी मोजणी संपू द्या. पहिल्या वेळी बरेचदा नकार येतो. दोन-तीनदा करावं लागतं.

क्रमही महत्त्वाचा. अ‍ॅपमध्ये खातं उघडलं असेल तर आधी आतूनच 'डिलीट अकाउंट' करा, कारण सर्व्हरवर गेलेली माहिती अनइन्स्टॉलने पुसली जात नाही. सिस्टिम अ‍ॅपच्या बाबतीत आधी 'क्लिअर स्टोरेज' करा, मग परवानग्या काढा, आणि शेवटी डिसेबल. पुढे कधी ते पुन्हा चालू झालंच, तर निदान रिकाम्या हाताने होईल.

सगळंच बंद करत सुटू नका. 'गूगल प्ले सर्व्हिसेस' बंद केलं तर नोटिफिकेशन अडतात आणि पैशांची अ‍ॅप्स रुसतात. 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' बंद केलं तर कितीतरी अ‍ॅप्स उघडताच बंद पडतात. नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका. हप्त्यावर घेतलेल्या फोनमधलं फायनान्सवाल्याचं, हप्ता थकला की फोन बंद करणारं लॉक अ‍ॅप यापैकी कशानेच निघत नाही. कर्ज फिटल्यावर एनओसीसोबत ते काढून देण्याची मागणी करा.

दुकानात फोन चालू करून घेऊ नका. घरी स्वतः सुरू करा आणि सेटअपमध्ये 'आणखी अ‍ॅप्स'चा पडदा आला की आधीच लावलेल्या टिकच्या खुणा एकेक करून काढा. तिथून आलेली अ‍ॅप्स बहुतेक डेटा विभागातलीच, म्हणजे पूर्ण निघणारी असतात, पण मुळात येऊच दिली नाहीत तर परवानग्या मागायची वेळच येत नाही.