काउंट नॉर्मल, तरी रक्त थांबत नाही

पावसाळा लागला की पुण्यात घरोघरी प्लेटलेट्सचे आकडे तोंडावर असतात. डेंग्यू झालाय, काउंट तीस हजारांवर आलाय, एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्ससाठी) रक्तदाता हवाय, असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतात. त्यातून रक्त थांबत नाही म्हणजे प्लेटलेट्स कमी, असं समीकरण डोक्यात पक्कं बसतं. हिमोफिलिया, म्हणजे रक्त गोठवणारं एखादं प्रथिन कमी असण्याचा आजार, असलेल्या मुलांना ते महागात पडतं. गुडघा सुजलेला असतो, काउंट अडीच लाख येतो आणि घरचे निर्धास्त होतात.

रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट्स काही सेकंदांत तिथे चिकटतात, एकमेकींना धरून राहतात. फुटलेल्या नळात फडक्याचा बोळा कोंबावा तसं हे काम. तात्पुरतं. ते पक्कं करतं फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं, आणि हे जाळं विणलं जातं क्लॉटिंग फॅक्टर्समुळे. हे फॅक्टर्स म्हणजे रक्तद्रवातली प्रथिनं. एक दुसऱ्याला जागं करत जातं आणि शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं, जे फायब्रिनोजेनपासून फायब्रिन बनवतं. सुरुवातीला थ्रॉम्बिन अगदी थोडं असतं. ते झपाट्याने वाढायला फॅक्टर ८ आणि ९ ची जोडी लागते. त्यातला आठवा नसला किंवा कमी असला तर हिमोफिलिया ए, नववा असेल तसा तर बी. दोन्हींत बोळा वेळेवर बसतो, पण जाळं विरळ आणि कच्चं राहतं. म्हणून हिमोफिलियात रक्त जास्त जोराने वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. दात काढल्यावर आधी थांबलेलं रक्त काही तासांनी पुन्हा सुरू होतं, ते यामुळेच.

प्लेटलेट्स फार कमी असतील तर रक्तस्राव वरवर दिसतो: हिरड्यांतून, नाकातून, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. फॅक्टर कमी असेल तर तो आत खोल, सांध्यांत आणि स्नायूंत होतो. रांगायला, चालायला लागलेल्या बाळाला मोठे, टणक काळेनिळे डाग उठतात. पुढे गुडघा, घोटा, कोपर सुजून गरम होतात. एकाच सांध्यात वारंवार रक्त साचलं की कूर्चा झिजते आणि सांधा कायमचा आखडतो. हे टाळता येतं, म्हणून तर वेळेवर ओळखण्याचा इतका आग्रह.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या तपासणीत, फॅक्टर दिसत नाही. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्या असतात: हिमोफिलियात त्यातली एपीटीटी लांबलेली येते, पीटी नॉर्मल असते. सौम्य प्रकारात एपीटीटीही नॉर्मल येऊ शकते, तेव्हा थेट फॅक्टरची पातळी मोजावी लागते. ती नॉर्मलच्या १ टक्क्याच्या खाली असली तर आजार तीव्र. (व्हॉन विलब्रँड आजारात, म्हणजे प्लेटलेट्सना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाच्या दोषात, काउंट सहसा नॉर्मल असूनही लक्षणं प्लेटलेट्सच्या दोषासारखी दिसतात, एवढं लक्षात असू द्या.)

उपचारही वेगळे. हिमोफिलियात प्लेटलेट्स चढवून उपयोग नाही; रक्तस्राव थांबवायला सहसा नसलेला फॅक्टरच शिरेतून द्यावा लागतो. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायचं, कारण त्या गोळ्या प्लेटलेट्सचं काम मंदावतात, म्हणजे उरलेला एकमेव आधारही काढून घेतात. डॉक्टरांना न सांगता दंडात इंजेक्शन नको, कारण तिथल्या स्नायूत रक्तस्राव होऊ शकतो.

आणि 'आमच्या घराण्यात कुणाला नाही' यावर विसंबू नका. साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो. आजार मुख्यतः मुलग्यांत दिसतो. पण वाहक आईची, म्हणजे जिच्याकडून सदोष जनुक मुलाकडे येतं तिची, फॅक्टरची पातळीही कमी असू शकते, आणि तिच्या पाळीतल्या अतिरक्तस्रावाचं कारण वर्षानुवर्षं कुणी शोधलेलंच नसतं. मुलाची तपासणी करताना तिचीही करून घ्या.