रानडुकरांपासून शेतराखणीसाठी संकरित कुत्रे : पिल्लू ठरवण्यापूर्वी

आमच्या श्वानपालन केंद्रात येणारे अनेक शेतकरी मोबाईलवर अमेरिकेतील चित्रफिती दाखवून ‘डुकराला असे धरणारे कुत्रे तुमच्याकडे मिळेल का’ असे विचारतात. तसे कुत्रे आम्ही तयार करत नाही. त्याची कारणे आणि आम्ही जो संकर करतो त्यामागचा विचार ग्राहकांना आधीच ठाऊक असावा, यासाठी हे माहितीपत्रक आहे.

अमेरिकेत रानडुक्कर मूळचे नाही. १५३९ साली हर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सेनानीने फ्लोरिडात डुकरे आणली, मोकाट सुटलेल्या डुकरांची प्रजा पुढे दक्षिणेकडील जंगलांत पसरली, आणि १९१२ साली नॉर्थ कॅरोलायनात शिकारीसाठी आणलेली युरोपीय रानडुकरेही पुढे निसटून त्यांच्यात मिसळली. टेक्साससारख्या राज्यात तो उपद्रवी परका प्राणी समजला जातो आणि खासगी जमिनीवर जमीनमालकाच्या संमतीने कुत्र्यांसह त्याची शिकार करता येते. तेथील संकर या कामासाठी घडला आहे.

त्या संकरात दोन प्रकारचे रक्त असते. प्लॉट या अमेरिकन जातीसारखा हाउंड (वासावर माग काढणारा शिकारी कुत्रा) काही तास जुना मागही वासावरून काढतो, परंतु मागावर असताना तो सतत ओरडतो, त्यामुळे डुक्कर आधीच सावध होऊन लांब निघून जाते. ब्लॅक माउथ कर किंवा कॅटाहुला हे ‘कर’ गटातील कुत्रे बहुधा मुकाट्याने माग काढतात, डुक्कर समोर आल्यावरच भुंकतात आणि हाक मारल्यावर परत फिरतात. मात्र जुन्या, विरलेल्या वासावर ते हाउंडइतके टिकत नाहीत. हाउंडचे नाक आणि करचा मूकपणा एकाच कुत्र्यात आणणे हा तेथील पैदासकारांचा हेतू असतो. असे कुत्रे डुकराला घेरून, भुंकून एका जागी थोपवून धरतात. प्रत्यक्ष पकडण्यासाठी अमेरिकन बुलडॉगसारखा वेगळा कुत्रा, छातीला जाड कापडी कवच बांधून, नंतर सोडला जातो. डुकराच्या सुळ्याने पोट किंवा मान फाटण्याचा धोका तरीही राहतोच.

संकराचा एक नियम तेथे आणि येथे सारखाच लागू पडतो. दोन वेगळ्या, स्थिर जातींच्या पहिल्या पिढीतील पिल्ले बरीचशी एकसारखी आणि अनेकदा काटक निघतात. तीच भावंडे किंवा तशाच संकराचे नर-मादी आपसांत जुळवले, की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात : एका पिल्लाला नाक मिळते पण तोंड बंद राहत नाही, दुसरे शांत असते पण माग सोडून देते. म्हणूनच जाणकार पैदासकार संकरित मादी पुन्हा मूळ जातीच्या पारखलेल्या नराला देतात आणि प्रत्येक वेताची कामात परीक्षा घेतात. ‘आमच्या संकरित कुत्रीचे पिल्लू आईसारखेच होईल’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

आता आपल्याकडील गरज पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही; वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला पकडणे, हाकणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत परवानगी देण्याचा अधिकार वन विभागाकडे आहे आणि नुकसानभरपाईचा अर्जही तेथेच करावा लागतो. त्यामुळे डुकरामागे धावणारे कुत्रे मालकाला अडचणीत आणते, शिवाय स्वतः जखमी होते. मका, भुईमूग किंवा उसाच्या शेतात आपल्याला हवा असतो तो बांधाच्या आत राहणारा, चाहूल लागताच मोठ्याने भुंकणारा आणि धन्याला जागे करणारा राखणदार. लवकर भुंकणे हा अमेरिकन शिकाऱ्याच्या दृष्टीने दोष आहे. आपल्या शेतात तोच पहिला गुण आहे.

या कारणाने आम्ही गावठी मादीला प्राधान्य देतो. पिढ्यानपिढ्या वस्तीवर राहिलेले गावठी कुत्रे सावध असते, हद्द ओळखते, आणि त्याला ऊन-पाऊस व साधा आहार मानवतो. कारवानीचे रक्त मिसळल्यास उंची आणि दमदारपणा येतो, परंतु कारवानी हा नजरेवर धावणारा शिकारी कुत्रा आहे; रात्रीच्या उसात त्याची नजर उपयोगी पडत नाही, आणि पळत्या प्राण्यामागे सुटण्याची ओढ मात्र पिल्लांत उतरते. म्हणून कारवानीचा अंश आम्ही थोडाच ठेवतो, आणि जो नर शेळ्या-वासरांमागे धावतो तो कितीही देखणा असला तरी पैदाशीला वापरत नाही. रंगावरून निवड करण्याचा आग्रहही कृपया धरू नये. कॅटाहुलाचा ठिपकेदार करडा रंग अनेकांना आवडतो, पण तशा रंगाचे नर-मादी जुळवले तर काही पिल्ले बहिरी किंवा आंधळी जन्मण्याचा धोका असतो.

श्वान पैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू विकता येत नाही. आगाऊ रक्कम दिली असली तरी त्याआधी ते देण्याची मागणी आम्ही स्वीकारत नाही. पार्व्हो व डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांवरील पहिली लस येथे दिली जाते. पुढील मात्रा आणि साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस देणे ही मालकाची जबाबदारी आहे. कुत्र्याला डुकराचे कच्चे मांस कधीही घालू नये, कारण ऑजेस्की हा डुकरांचा विषाणूजन्य रोग कुत्र्याला झाल्यास प्राणघातक ठरतो. पिल्लू नेण्यापूर्वी त्याच्या आईला अंधार पडल्यावर, अनोळखी माणूस बांधाकडे येत असताना अवश्य पाहावे; ती कधी भुंकते, किती पुढे जाते आणि हाकेला परत येते का, हे आपल्यासमोर दाखवण्याची व्यवस्था आम्ही करतो.